आर२एम की आर२ए? रेंजफाइंडरमधलं मीटर नक्की काय करतं

निळी_सायकल
रोल भरणारे इथे अजून कोणी शिल्लक असतील तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. विषयही तोच आहे.

घरात काकांचा याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आहे, तोच वापरते. आता लेन्स बदलता येईल असा रेंजफाइंडर (लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचा कॅमेरा) घ्यायचाय. लायका खिशाबाहेर, म्हणून फोक्टलेंडरच्या बेसा कॅमेऱ्यावर नजर आहे. दोन वापरलेल्या बॉड्या समोर आहेत, एक आर२एम आणि एक आर२ए. दोन्ही कोसिनाच्या कारखान्यातल्या, माउंट तोच, लांबून कोणता कोणता ते सांगता येणार नाही. फरक इतकाच की आर२एमचं शटर मेकॅनिकल आणि आर२एचं इलेक्ट्रॉनिक. विकणारे गृहस्थ म्हणतात, "मेकॅनिकलचं मीटर जास्त खरं सांगतं, घ्यायचा तर तोच घ्या." त्याचीच किंमत जास्त आहे, हा योगायोग समजू.

माझी अडचण अशी की मीटर तर दोन्हींत सेलवरच चालतं. मग शटर कसलं आहे याचा मीटरच्या खरेपणाशी संबंध काय? आणि रोजच्या वापरात फरक कुठे जाणवतो? माहितीपत्रकं वाचून झालीत. वापरलेल्यांचं ऐकायचंय.

तिसरा_स्टॉप
आर२एम घ्या आणि सेल काढून ठेवा. लख्ख ऊन असेल तर लेन्सचं तोंड (अ‍ॅपर्चर) एफ १६ आणि शटरचा आकडा फिल्मच्या आयएसओइतका. ढग भरले की एफ ८. मोकळ्या सावलीत ५.६, नाहीतर ४. आमच्या पिढीने असंच केलं. मीटर आलं आणि लोकांनी उजेडाकडे बघणं सोडलं.

माई१३५
तिसरा स्टॉप, दर धाग्यावर तुमचं हेच. तुमची पिढी ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर काढायची आणि प्रिंट करणारा स्टुडिओवाला डार्करूममध्ये तुमचं सगळं निस्तरायचा. पोरीने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

सायकल, मीही वाचते. सेलवाले दादा येईपर्यंत थांब जरा, ते यातले आहेत.

सेलवाला
आलो.

विकणाऱ्यांच्या बोलण्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालीये. "मेकॅनिकल मीटर" अशी वस्तू बेसात नाहीच. आर२एम असो की आर२ए, लेन्समधून आलेला आणि शटरच्या करड्या पात्यांवरून परतलेला उजेड आतला सिलिकॉनचा सेन्सर मोजतो. दोन्हींना एलआर४४ मापाचे दोन बटण-सेल लागतात. मोजण्यापर्यंत दोघांत डावं-उजवं करावं असं काही नाही. मोजून झाल्यावर तो आकडा कोणाच्या हाती जातो, फरक तिथून सुरू होतो.

आर२एममध्ये तो तुमच्या हाती येतो. खिडकीत लाल दिवा कमी-जास्त सांगतो, तुम्ही अ‍ॅपर्चरची कडी किंवा शटरची चकती फिरवता. नसेल फिरवायची तर नाही फिरवत. शटर स्प्रिंगवर आणि दातेरी चाकांवर चालतं, मीटर काय म्हणालं याची त्याला गंधवार्ता नसते. गाडीत शेजारी बसून "ब्रेक मार, ब्रेक मार" म्हणणारा माणूस असतो ना, तसं हे मीटर. पाय त्याचा नसतो. आर२एच्या एई (ऑटो एक्स्पोजर) मोडमध्ये मात्र पायही त्याचाच. तुम्ही अ‍ॅपर्चर ठरवायचं, वेळ तो ठरवणार, आणि शटरचं विजेरी चुंबक किती वेळ धरून ठेवायचं हे त्याच आकड्यावरून ठरणार.

म्हणून आर२एमचे सेल संपले तर दिवे जातात, कॅमेरा चालू राहतो, सगळ्या स्पीडसकट. आर२एचे संपले तर शटर उघडणारच नाही. हा फरक सगळे सांगतात. पण सेल ठीक असताना जे होतं ते जास्त महत्त्वाचं आहे. आर२एममध्ये मीटर फसलं तर तुम्हाला संशय यायला जागा असते, कारण चकती तुमच्याच बोटांनी फिरते. भर दुपारी मीटर १/३० मागायला लागलं तर हात थांबतो. एईमध्ये खिडकीतला आकडा न वाचता बटण दाबलं की संपलं.

दुसरी बाजूही आहे. चकतीवर १/१२५ नंतर एकदम १/२५०. मधलं काही हवं असेल तर अ‍ॅपर्चर अर्धा स्टॉप हलवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). इलेक्ट्रॉनिक शटर एईमध्ये मधली कुठलीही वेळ देतं, पायरीच नाही. स्लाइड फिल्म वापरणाऱ्याला हे कळतं, कारण स्लाइडला अर्धा स्टॉपही दिसतो. निगेटिव्हवाल्याला फारसं देणंघेणं नाही.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात. मीटर शटरला तपासत नाही. पंचवीस-तीस वर्षं साफसफाई न झालेल्या मेकॅनिकल बॉडीत तेल आटतं, स्प्रिंग थकते, आणि चकतीवरचा १/१००० प्रत्यक्षात १/७०० असू शकतो. मीटरने अचूक सांगितलं, तुम्ही अचूक लावलं, तरी फिल्मवर अर्धा स्टॉप जास्त. इलेक्ट्रॉनिकमध्ये वेळ सर्किट मोजतं, तिथे हा प्रकार पुष्कळ कमी. तेव्हा "मेकॅनिकल जास्त खरं" हे जुन्या बॉडीच्या बाबतीत उलटंही निघू शकतं.

पडदानशीन
सेलवाल्यांना दंडवत. माझ्याकडे लायकाचा एम६ आहे, भावाकडे एम७. दोघं मिळून बरंच भांडलोय, त्यातून जे निघालं ते लिहितो.

एम६ १९८४ चा. पहिल्या पडद्याच्या मध्यावर १२ मिमी व्यासाचा पांढरा ठिपका रंगवलेला आहे, मीटर त्यावरून परतणारा उजेड वाचतं. लेन्स काढून शटर चढवलं की ठिपका डोळ्यांना दिसतो. शटर चढवलेलं नसेल तर मीटर गप्प, कारण तेव्हा समोर दुसरा पडदा असतो आणि त्यावर ठिपका नाही. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो, सेल गेले म्हणून बाजारात पळतो. आधी लीव्हर ओढा.

खिडकीत दोन लाल त्रिकोण. दोन्ही सारखे पेटले की बरोबर, एक मंद एक प्रखर म्हणजे अर्धा स्टॉप, एकच पेटला म्हणजे स्टॉप किंवा जास्त. किती जास्त ते तो सांगत नाही, फक्त बाजू सांगतो. १९९८ च्या एम६ टीटीएलमध्ये मधे गोल दिवा आला आणि शटरची चकती उलट्या दिशेने फिरवली, म्हणजे त्रिकोण ज्या बाजूला दाखवतो त्याच बाजूला बोट न्यायचं. ऐकायला किरकोळ, पण डोळा खिडकीला लावलेला असताना या एका बदलाने फार सोपं होतं. जुन्या एम६ची सवय झालेले लोक मात्र टीटीएलला शिव्या घालतात.

एम७ २००२ चा. शटर तेच आडवं धावणारं कापडी, पण वेळ इलेक्ट्रॉनिक्स मोजतं. सेल गेले तर १/६० आणि १/१२५ एवढे दोन स्पीड मेकॅनिकल शिल्लक राहतात. भाऊ याला "स्टेपनी" म्हणतो. एईवर असताना बटण अर्धं दाबून धरलं की रीडिंग अडकवून ठेवता येतं, मग फ्रेम हलवा.

आमचं भांडण यावरूनच. मी म्हणतो एम६मध्ये एका उजेडात एकदा लावलं की झालं. गल्लीच्या सावलीत आहे, सावलीचं एक्स्पोजर लावलं, मग कोणी पांढरा शर्ट घालून येवो की काळा बुरखा, उजेड तोच आहे, मी काही हलवत नाही. एम७ दर फ्रेमला नव्याने मोजतो आणि कपडे बदलले की एक्स्पोजर बदलतो. उजेड न बदलता! भाऊ म्हणतो, "मग एम७ही मॅन्युअलवर लाव की, कोणी अडवलंय?" यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण तो स्वतः कधीच लावत नाही हेही खरं.

निळी_सायकल
हे कपड्यांचं पटकन समजलं. यंदा वारीत काढलेल्या रोलमध्ये वारकऱ्यांचे चेहरे फार काळे आलेत. सगळीकडे पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. तेच कारण ना?

पडदानशीन
तेच. मीटरला काय दिसतंय ते माहीत नसतं. जे समोर आहे ते मध्यम करडं आहे असं धरून तो हिशेब करतो. पांढरं भरलं की त्याला करडं करायला जातो, म्हणजे एक्स्पोजर कमी. वारीत मीटरच्या सांगण्यापेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त द्या. नाहीतर त्याच उन्हात आपला तळहात धरा, तळहातावरून रीडिंग घ्या आणि एक स्टॉप उघडा. तळहात करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो.

आर२एममध्ये हे एकदा करून सोडून द्यायचं. आर२एमध्ये मागच्या बाजूला एई लॉकचं बटण आहे, ते दाबून धरावं लागतं, नाहीतर चकतीवरून भरपाई लावायची आणि नंतर शून्यावर आणायची. ती शून्यावर आणायला लोक विसरतात.

झुरिचकर
इथे बर्फात तंतोतंत तेच होतं. बर्फ करडा, माणसं काळी. दीड ते दोन स्टॉप.

थंडीबद्दल एक भर: उणे तापमानात अल्कलाइन बटण-सेल लवकर मान टाकतात. एम६ आणि एम७मध्ये ३ व्होल्टचे लिथियम सेल बसतात, ते थंडीत बरे टिकतात. एम६ला एक, एम७ला दोन. मेकॅनिकल बॉडीत मीटर गेलं तरी चित्र काढता येतं, आणि बर्फावरच्या उन्हात तिसरा स्टॉप म्हणतात तो नियम एफ १६ऐवजी एफ २२ करून लावला की चालतो.

तिसरा_स्टॉप
घ्या! परदेशातून पाठिंबा आला.

अठराटक्के
सर्व मीटर १८ टक्के करड्यावर बेतलेले असतात हा गैरसमज आहे. प्रत्यक्षात मानकाप्रमाणे हिशेब केला तर

माई१३५
अठराटक्के, हा वाद वेगळ्या धाग्यावर. तिथे तुमची वाट बघतायत.

आता माझं. सेलवाल्या दादांनी सरळ दोन पेट्या केल्या, मेकॅनिकल म्हणजे सल्ला आणि इलेक्ट्रॉनिक म्हणजे हुकूम. माझा कॅनोनेट क्यूएल१७ जीIII कोणत्या पेटीत टाकाल? शटर पूर्ण मेकॅनिकल, सेलशिवाय सगळे स्पीड चालतात. पण ऑटोवर ठेवला तर मी शटर ठरवायचं आणि अ‍ॅपर्चर तो ठरवतो, तेही कसं, तर बटण दाबताना आतला काटा जिथे असेल तिथे चिमटीत पकडून. काटा ज्या आकड्यावर अडकला तितकीच पाती उघडतात. बटण हळू दाबलं तर बोटाला ती अडखळ जाणवते, आधी काटा पकडला जातो, मग पाती सरकतात, मग शटर. इलेक्ट्रॉनिक म्हणावं असं त्यात सीडीएस (उजेड मोजणारा तुकडा), सेल आणि वायर, बस. उरलेलं सगळं पत्रे आणि स्प्रिंगा. तरी हुकूम मीटरचाच.

आणि गंमत म्हणजे मॅन्युअलवर आणला की मीटर बंदच. सल्लाही नाही. म्हणजे एक तर मीटरचं ऐका, नाहीतर तिसऱ्या स्टॉपचं ऐका.

सेलवाला
माई, बरोबर पकडलंत. पेटी दोन नाहीत. मिनोल्टा सीएलईही तसाच, १९८०च्या सुमाराचा, शटर इलेक्ट्रॉनिक, मॅन्युअलवर टाकला की मीटर गप्प. बनवणाऱ्यांचा विचार असा असावा की ज्याला स्वतः ठरवायचंय त्याला विचारायची गरज काय. मला हा विचार अजिबात पटत नाही. मॅन्युअलवर असतानाच तर सल्ला हवा असतो.

पण सीएलईत एक फार सुंदर गोष्ट आहे आणि ती सांगायला मी टपूनच बसलो होतो.

आर२ए, एम७, हे सगळे शटर उघडण्यापूर्वी मोजतात. साहजिक आहे, ज्या पडद्यावरून उजेड परततो तो पडदाच उघडताना निघून जातो. मग शेवटचा आकडा लक्षात ठेवायचा आणि त्यानुसार वेळ द्यायची. सीएलई उघडल्यावरही मोजत राहतो, पडद्यावरून आणि मग थेट फिल्मच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड. पुरेसा झाला की बंद. दीर्घ एक्स्पोजर चालू असताना मागून एखादी गाडी दिवे टाकत गेली तर तो वेळ तिथल्या तिथे कमी करतो.

आता सायकलताई, तुमच्या घरातला याशिका. १९६६ साली पहिला इलेक्ट्रो ३५ आला तेव्हा त्यात मीटर आणि शटर वेगळे ठेवलेच नव्हते. सीडीएस म्हणजे उजेड वाढला की ज्याचा रोध कमी होतो असा तुकडा. त्याच्यातून एक कपॅसिटर भरतो. उजेड भरपूर तर रोध कमी, कपॅसिटर पटकन भरणार. उजेड कमी तर रेंगाळत भरणार. ठरावीक व्होल्टेजला पोचला की ट्रान्झिस्टर चुंबकाची वीज तोडतो आणि पाती मिटतात. बस, एवढंच. आकडा कुठेही तयार होत नाही, म्हणून तो तुम्हाला आकडा दाखवतही नाही. नारिंगी दिवा म्हणजे १/३० पेक्षा हळू, लाल म्हणजे १/५०० लाही जास्त उजेड. मधल्या सगळ्या पट्ट्यात तुम्हाला काही कळत नाही. मोजणारा आणि वेळ देणारा एकच आहे.

सेलशिवाय याशिकाचं शटर प्रत्येक वेळी १/५०० देतं. तेव्हा उन्हात ४०० ची फिल्म आणि एफ १६ ठेवलं तर सेलशिवायही तो कामाचा. तिसरा स्टॉप, हे तुमच्यासाठी.

निळी_सायकल
म्हणजे मी इतकी वर्षं टोकाचा इलेक्ट्रॉनिकच वापरतेय की! मला वाटायचं जुना म्हणजे मेकॅनिकल.

एक विचारू? पिवळा फिल्टर लावला की याशिकाच्या निगेटिव्ह पातळ (उजेड कमी पडल्यासारख्या फिकट) येतात. बेसात तसं होईल का?

पडदानशीन
होणार नाही. जीएसएनचा सीडीएस लेन्सच्या बाहेर, वर खिडकीच्या ओळीत आहे. फिल्टर लेन्सवर, त्यामुळे मीटरला फिल्टर लागल्याचं कळतच नाही. पिवळ्याला एक स्टॉप धरा आणि आयएसओची चकती तितकी खाली आणा. माईंच्या कॅनोनेटमध्ये सीडीएस लेन्सच्या कड्यातच, फिल्टरच्या आत येतो, म्हणून तिथे आपोआप धरलं जातं. बेसा, लायका वगैरे लेन्समधूनच मोजतात. फक्त गडद लाल फिल्टरला कोणत्याही सेन्सरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सेन्सरला लाल जितका दिसतो तितका फिल्मला दिसेलच असं नाही.

यावरून झाकणाचं आठवलं. रेंजफाइंडरमध्ये लेन्सचं झाकण राहिलं तरी खिडकीतून सगळं छान दिसतं. याशिका मजेत छत्तीस काळ्या फ्रेम काढून देतो, कारण त्याचं मीटर झाकणाबाहेर आहे. कॅनोनेट ऑटोवर असेल तर बटणच दाबू देत नाही. एम६ एकच त्रिकोण दाखवत बसतो, पाहिलात तर पाहिलात. एम७, आर२ए एईवर असतील तर शटर उघडून कितीतरी वेळ मिटतच नाही, आवाजावरूनच कळतं. या एका बाबतीत इलेक्ट्रॉनिकला माझे पूर्ण गुण.

तिसरा_स्टॉप
झाकण आठवणीने काढणारे लोकही जगात असतात.

गडवाट
वाचतोय, मस्त धागा. एक शंका. सह्याद्रीत काळ्या कातळाचे फोटो काढताना माझ्या झोर्कीवर (जुना सोव्हिएत रेंजफाइंडर) सुटं मीटर वापरतो. कीव्ह ४ घ्यावा का? त्यात वर मीटर आहे, सेलही लागत नाही म्हणतात.

सेलवाला
कीव्हवरचं मीटर सेलेनियमचं. उजेड पडला की सेलेनियम स्वतःच वीज तयार करतं, तिच्यावर काटा हलतो. १९३६ च्या कॉन्टॅक्स III वर असंच मीटर होतं, कीव्ह त्याच घराण्यातला. शटरशी, अ‍ॅपर्चरशी कशाशीही जोडलेलं नाही. चकती फिरवायची, आकडे वाचायचे, मग हाताने लावायचे. खरा सल्लागार.

पण सेलेनियम म्हातारं होतं, दमट हवेत अजून लवकर. कोकणात दहा पावसाळे काढलेलं सेलेनियम जिवंत निघालं तर नशीब. काटा हलतो म्हणजे चांगलं असं समजू नका. उन्हात बरोबर आणि सावलीत दीड स्टॉप खाली असं हमखास सापडतं. तुमच्याकडे सुटं मीटर आहे ना, मग कीव्ह घ्या, पण मीटरसाठी नको.

काळ्या कातळाचं वारीच्या उलट. मीटर त्याला करडा करायला जाईल, तुम्ही एखादा स्टॉप कमी द्या. नाहीतर कातळ धुरकट येतो आणि आकाश पांढरं फटफटीत.

माई१३५
दादा, पाऱ्याच्या सेलचंही सांगा. आजही लोक विचारतात.

सेलवाला
सांगतो. साठ-सत्तरच्या दशकातले सीडीएसवाले कॅमेरे, कॅनोनेट, लायका एम५, लायका सीएल, हे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले. तो सेल शेवटपर्यंत १.३५ च देत राहायचा, म्हणून सर्किटमध्ये व्होल्टेज सांभाळायची वेगळी सोय करायची गरजच पडली नाही. पाऱ्याचे सेल बंद झाले. आता त्या जागी १.५ चा अल्कलाइन टाकला तर काटा गरजेपेक्षा जास्त हलतो, कॅमेऱ्याला वाटतं उजेड जास्त आहे, आणि फोटो अंडर (उजेड कमी पडलेला) येतो. किती अंडर ते कॅमेऱ्यागणिक आणि उजेडागणिक वेगळं. शिवाय अल्कलाइनचं व्होल्टेज वापरात उतरत जातं, म्हणजे आज लावलेली भरपाई दोन महिन्यांनी चुकीची.

उपाय तीन. श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल, १.४ व्होल्ट, जवळपास बरोबर, पण हवा लागल्यापासून थोडेच आठवडे टिकतो. सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि त्याच्यासोबत छोटा डायोड बसवलेला अ‍ॅडॅप्टर, तो दोन दशांश व्होल्ट खातो. किंवा दुरुस्तीवाल्याकडून मीटर १.५५ ला बसवून घेणं. माझी पसंती डायोडला.

याशिकाचं सर्किट यात समजूतदार आहे. मूळ सेल ५.६ व्होल्टचा, आज ६ व्होल्टचा ४एलआर४४ स्प्रिंग लावून बसवतात आणि फरक पडत नाही. याशिकात बघायचं ते वेगळंच. फिल्म पुढे ओढताना आतून "टक" असा जाड आवाज यायला हवा. तो येत नसेल तर आतली रबराची गादी विरघळली, संपर्क नीट होत नाहीत आणि मीटर-शटर दोन्ही भरकटतात. या मॉडेलचा हा जगजाहीर आजार आहे.

बेसा, एम६ या काळातल्या कॅमेऱ्यांना पाऱ्याची भानगड नाही. फक्त घड्याळवाल्याकडे एलआर४४ मागू नका, एसआर४४ किंवा ३५७ मागा. माप तेच, पण सिल्व्हर ऑक्साइड. शेवटपर्यंत व्होल्टेज सपाट राहतं.

निळी_सायकल
अपडेट. दोन्ही बॉड्या आज हातात घेऊन बघितल्या. सेलवाल्यांनी व्यनितून सांगितल्याप्रमाणे केलं. एकच ३५ मिमीची लेन्स, अनंतावर फोकस, उन्ह न पडणारी करडी सिमेंटची भिंत, फ्रेममध्ये दुसरं काही नाही. आर२एमने एफ ५.६ ला १/१२५ बरोबर दाखवलं, आर२एनेही १२५. अ‍ॅपर्चर एकेक स्टॉप बंद करत गेले, दोघं बरोबरीने उतरत गेले. मग मुद्दाम एफ १६ ला कोपऱ्यातल्या अंधाराकडे वळवलं तर दोघंही सारखेच गोंधळले.

विकणाऱ्यांना दाखवलं. म्हणाले, "मेकॅनिकल तरीही मेकॅनिकल."

पडदानशीन
एफ १६ ला गोंधळणं साहजिक आहे. एसएलआर (आरशाचा कॅमेरा) मोजताना लेन्स पूर्ण उघडी ठेवतो आणि फोटो काढताना बंद करतो. रेंजफाइंडरमध्ये लेन्स तुम्ही ठेवाल तितकीच उघडी, त्यामुळे एफ १६ ला सेन्सरपर्यंत उजेडच थोडा पोचतो. अंधारात मोजायचं तर लेन्स उघडी ठेवून मोजा आणि स्टॉप मोजत बंद करा. आर२एममध्ये हे सहज होतं. आर२एमध्ये मॅन्युअलवर यावं लागेल.

तसंच, मागचा भाग बॉडीत खोल जाणाऱ्या जुन्या वाइड लेन्स पुढे कधी घ्याल तर आधी विचारा. लायकाची जुनी २१ मिमी सुपर अँग्युलॉन एम६वर मीटरला आंधळं करते. आणि एम५, सीएलमध्ये तर सेन्सर एका हलत्या दांडीवर बसवलाय, तिथे आत ढकलता येणारी लेन्स ढकलली तर दांडीवरच आदळायची.

माई१३५
मग ठरलं काय?

निळी_सायकल
आर२ए घेतला.

कारण मीटर नाही, सवय. मी मुलांच्या मागे, गर्दीत, चालता चालता काढते. चकती फिरवायला मला वेळ नसतो आणि याशिकाने ती सवय लावलीच नाही. पण आता आकडा तरी दिसेल. याशिकात नुसते दिवे बघून दिवस काढले. पडदानशीनांचं म्हणणं लक्षात ठेवून सपाट उजेडात मॅन्युअलवर टाकेन. टाकेन असं आत्ता तरी वाटतंय.

तिसरा_स्टॉप
अभिनंदन. सेल जपा.

पडदानशीन
अभिनंदन! भावाला सांगतो, त्याचा पक्ष वाढला.

निळी_सायकल
शेवटचा प्रश्न, मग धागा वर काढणार नाही. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर दिवे असतात, तिथे ट्रायपॉड लावून एचपी५ (इल्फर्डची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) वर काढायचंय. एईने तीन-चार सेकंद किंवा जास्त दिले तर विश्वास ठेवू का?

सेलवाला
मीटरवर ठेवा, फिल्मवर नको. सेकंदाच्या पुढे फिल्मची संवेदनशीलता घटत जाते आणि हे कोणत्याही कॅमेऱ्याच्या मीटरला माहीत नसतं, मेकॅनिकल असो की इलेक्ट्रॉनिक. इल्फर्डने एचपी५ प्लससाठी घातांक १.३१ दिलाय, म्हणजे मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात. मीटर २ म्हणालं तर अडीच द्या, ४ म्हणालं तर ६, १० म्हणालं तर २०, ३० म्हणालं तर ८६.

चार सेकंदांपर्यंत एईवर ठेवून भरपाई अर्ध्या-पाऊण स्टॉपने वाढवली तरी भागेल. त्यापुढे चकती बीवर (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं) आणा, केबल रिलीज लावा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. मोजताना दिव्यांच्या ज्योती मीटरच्या मध्यावर येऊ देऊ नका, घाटाच्या पायऱ्यांवरून घ्या, नाहीतर ज्योती तेवढ्या दिसतील आणि घाट काळा.